गोगलगायी

शनिवारी सेंतेशच्या बाजारात
माझं टेबल लोणच्याच्या पिंपांना लागून.
शेवयांवर पाट्या लावते: दोन अंडी, चार अंडी, आठ अंडी.
किलोभर पिठाला किती, एवढाच अर्थ.
दोनवाली शाळेच्या खानावळीत जाते,
चारवाली रोजच्या पोटात,
आठवाली लग्नाला, नाहीतर आजाऱ्याला.
पाण्याचं नाव काढू नका.
थेंब जरी पडला तरी शेवई उकळीत रडते.

पण खरी कमाई टेबलाखालच्या डब्यात:
गोगलगायी.
नखाएवढा चौकोन कापायचा,
चरे पाडलेल्या फळीवर तिरका ठेवायचा,
चातीनं दाबून एकदाच पुढं लोटायचा.
अंगावर रेघा घेऊन
एक पिवळी गोगलगाय बाहेर पडते.
मुठीत शंभर मावतात.
शंभरात मान मोडते.

पिरोश्का येते आठाच्या ठोक्याला.
"पाव किलो. आईच्या हातची सर नाही, पण चालेल."
एतेल येते नऊनंतर,
ती गेली याची कोपऱ्यावरून खात्री करून.
"पाव किलो. आईच्या बारीक असायच्या."

सख्ख्या बहिणी, मध्ये एक भिंत.
अकरा वर्षं एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.
घर वाटलं. जर्दाळूची झाडं मोजून वाटली.
कोंबड्या वाटल्या, एक उरली ती कापून वाटली.
आणि शेवटी आईचं शेवयांचं सामान:
पिरोश्काला फळी,
एतेलला चाती.
फळीवाचून चाती म्हणजे नुसती काडी.
चातीवाचून फळी पाठ खाजवायला बरी.

रविवारी बाराची घंटा होते
तेव्हा दोन्ही घरांतून एकच वास येतो.
म्हातारी कोंबडी सकाळपासून मंद आचेवर,
गाजर, अजमोद्याचं मूळ, अख्खे मिरे,
रस्सा इतका निवळ
की ताटलीच्या तळाची फुलं मोजावीत.
शेवया वेगळ्या उकळायच्या, मिठाच्या पाण्यात,
रश्शात टाकल्या की गढुळला, गेला.
भिंतीच्या अलीकडे एक चमचा वाजतो,
पलीकडे एक.

यंदा मार्चात माझी फळी चिरली.
खोटं कशाला सांगू, चिरली नव्हती.
पिरोश्काला म्हटलं, तुझी दे आठवडाभर.
एतेलला म्हटलं, माझी चाती हरवली.
दोघींनी दिली. दोघींनी बजावलं,
"तिला सांगू नकोस."

त्या रात्री त्यांच्या आईच्या हत्यारांवर बसले.
चरे मधोमध झिजलेले,
चातीला एका अंगाला खोलगट खूण,
माझा अंगठा तिथं बसेचना.
हात बदलून पाहिला तेव्हा बसला.
म्हातारी डावखुरी होती!
गोगलगायी साऱ्या उलट्या वळल्या.

शनिवारी पिरोश्कानं मूठभर तळव्यावर पसरल्या.
काही बोलली नाही. अर्धा किलो मागितला.
एतेलनं एक कच्चीच चावली,
"मीठ कमी आहे" म्हणाली,
आणि सुटे पैसे घ्यायला विसरली.
ती एतेल, जी प्रत्येक अंडं उजेडात धरून घेते.

सोमवारी सामान परत केलं, कागदात गुंडाळून:
फळी एतेलला, चाती पिरोश्काला.
कोणी विचारलं तर म्हणेन, चुकून.
बाजारात मला सगळे गरीब समजतात.
गोगलगाय,
आणि पोटात पाय.

मे संपला. अजून कोणी ओरडत आलेलं नाही.
परवा एतेलनं विचारलं, उगाच, पिशवी उघडता उघडता:
"बोटाएवढी काडी कुठं मिळेल गं, गुळगुळीत, गोल?"
म्हटलं, लांब जायला नको.
तिनं माझ्याकडं पाहिलं.
मग पाव किलो तोलायला लावलं, नेहमीसारखं,
काट्यावर डोळा ठेवून.